हाक आणि ओ

१९ एप्रिल. मिरच्यांची देठं खुडत बसले होते. कराडच्या अलीकडच्या आमच्या गावात एप्रिल म्हणजे वर्षाची चटणी करायचा महिना. मी अपघात विभागाची डॉक्टर असले तरी या कामातून मला सूट नाही. धाकटी जाऊ सरिता आणि मी समोरासमोर, मधे लाल ढीग. तेवढ्यात आमच्या हॉस्पिटलच्या ट्रस्टच्या सेक्रेटरींचा फोन आला. परळच्या तातडीच्या उपचारांच्या प्रशिक्षणातली एक जागा ऐनवेळी रिकामी झाली होती. उद्या सकाळी नऊला हजर व्हायचं.

हे प्रशिक्षण सहा महिने माझ्या मागे लागलं होतं. ट्रस्टने ठराव केला होता की जूनपासून अपघात विभागाचा प्रमुख तोच, ज्याच्याकडे हे प्रमाणपत्र आहे. तो विभाग मी अठरा वर्षं चालवतेय. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे असा पुण्याचा एक तरुण डॉक्टर तीन महिन्यांपूर्वी रुजू झाला होता आणि माझ्या खुर्चीकडे फार सभ्यपणे बघत होता. ठरावामागचं कारणही मला ठाऊक होतं. दोन वर्षांत माझ्या हाताखालचे तीन डॉक्टर सोडून गेले. त्यातल्या एकीने राजीनाम्यात लिहिलं होतं, ‘मॅडम उत्तम काम करतात, पण काय करतात ते सांगत नाहीत.’ मी ते हसण्यावारी नेलं होतं. सांगायचं काय त्यात? डोळे असले की दिसतं. आमच्या कल्पनाताई सिस्टरना अठरा वर्षांत काही सांगावं लागलं नाही. मी हात पुढे केला की हवी ती वस्तू हातात. त्यांची एकच सवय मला त्रास देते. ऐन गडबडीत ट्रेमधल्या इंजेक्शनच्या फोडलेल्या कुप्या, त्या रिकाम्या काचा, त्या बोटाने खुळखुळवत बसतात.

आजवरचं माझं पुढचं शिक्षण म्हणजे कराडच्या हॉटेलातली व्याख्यानं. नोंदणीच्या नूतनीकरणाला पॉइंट लागतात. तिथे दारात सही करायची, पडद्यावरच्या रंगीत रेघा बघायच्या, पनीर खायचं आणि पॉइंट घेऊन घरी यायचं. तीन दिवस उभं राहून परीक्षा द्यायची, हा प्रकार मला नवा होता.

“अर्धवट टाकून चाललात होय ताई?” सरिता म्हणाली. “मग येताना तिकडनं लालबागचा मसाला आणा. एकदा बघू तरी, मुंबईचं काय एवढं असतंय.”

मी हात तीन वेळा साबणाने धुतले आणि बॅग भरली.

२० एप्रिल, परळ

प्रशिक्षण केंद्र गिरणीच्या जुन्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. खाली चिमणी तेवढी ठेवली आहे, तीही रंग देऊन. सव्वीस वर्षांपूर्वी याच परळच्या एका मोठ्या रुग्णालयात मी इंटर्न होते. तेव्हा या भिंतीला लागून चहाची गाडी होती आणि तिथे आम्ही दोघी एका ग्लासातला चहा निम्मा निम्मा प्यायचो. मी आणि फिलोमिना.

फिलो माहीमची. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती घरातली. बोलायची मराठीच, आणि फार मोठ्याने. अभ्यासात माझ्या मागे, हाताला माझ्यापेक्षा संथ. ती या प्रशिक्षणाची प्रमुख आहे हे मला पत्रकावर तिचं नाव वाचून कळलं होतं. ते पत्रक मी घरी कुणाला दाखवलं नव्हतं.

लिफ्टचं दार उघडलं तर ती समोरच उभी. केस छोटे कापलेले, पिकलेले, आणि तिला ते शोभत होते. पहिला हेवा तिथेच, दारात. मी गेली सहा वर्षं दर तीन आठवड्यांनी केस रंगवते आणि तरीही तिच्याहून मोठी दिसते.

“काय गो नंदा! आलीस शेवटी!” सगळा मजला वळून बघायला लागला.

मी काहीतरी म्हणणार, तेवढ्यात डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून मी बोटाने चोळलं. तीन वेळा धुऊनही मिरची बोटात राहिली होती. डोळ्यांतून धारा लागल्या. फिलोने मला घट्ट मिठी मारली.

“रडू नको गं, रडू नको. मला पण तसंच होतंय.”

तिला खरं सांगायला मला पूर्ण दिवस जमलं नाही. सगळ्या वर्गासमोर मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडलेली बाई, अशी माझी ओळख झाली.

वर्गात आम्ही चोवीस जण. कुणी नगरचं, कुणी वसईचं. माझा जोडीदार वेंगुर्ल्याचे डॉक्टर सावंत, साठीचे, डुलत्या चालीचे. प्रत्येक दोघांच्या मागे दोन सिस्टर, एक तंत्रज्ञ आणि एक रबरी रुग्ण. त्या रुग्णाला तिथे सगळे बाबूराव म्हणतात. बाबूराव डोळे मिचकावतो. त्याची छाती वरखाली होते, नाडी लागते, ओठ निळे पडतात. काचेमागून फिलो त्याच्या आवाजात बोलते, “डॉक्टर, दम लागतोय हो, बायकोला बोलवा.” आणि खरोखर दम लागल्यासारखं वाटतं. आमच्याकडे एका शिफ्टला एक डॉक्टर आणि एक सिस्टर असतात. इथे एका रबरी माणसासाठी पाच जण! त्या बाबूरावाचा मला हेवा वाटला, हे लिहायला लाज वाटते, पण वाटला.

दुपारी फिलोचं भाषण. विषय: औषध दोनदा जाणं. तिने पडद्यावर एक कागद लावला. जुना, पिवळा, नाव खोडलेला. मी अक्षर ओळखलं. आमच्याच वॉर्डचा कागद होता तो.

एक सत्तरीची बाई. फुप्फुसात पाणी भरलेलं, बसून धापा टाकणारी. वरिष्ठांनी मॉर्फिन द्यायला सांगितलं आणि ते दुसऱ्या रुग्णाकडे गेले. बाईला मॉर्फिन दिलं गेलं. मग पुन्हा दिलं गेलं. दहा मिनिटांत श्वास मंदावला. एका इंटर्नने तास दीड तास हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला. उतारा दिला. बाई सहाव्या दिवशी घरी गेली.

“दुसरं मॉर्फिन मी दिलं,” फिलो माइकशिवाय म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. “आधी कुणी दिलंय का, हे मी विचारलं नाही. मला ताकीद मिळाली, महिनाभर जादा ड्यूटी लागली. बरोबरच लागली.”

मग टाळ्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पिशवी दाबणारी इंटर्न मी होते. ही गोष्ट मी आजवर गावाकडे किमान पन्नास वेळा सांगितली आहे, नव्या डॉक्टरांना, सिस्टरना, जेवणाच्या टेबलावर. माझ्या गोष्टीत एक निष्काळजी मुलगी आहे आणि एक मी आहे. आणि आता त्या निष्काळजी मुलीने स्वतःची चूक पडद्यावर लावून तेवीस डॉक्टरांच्या टाळ्या घेतल्या होत्या. मी ती चूक निस्तरली, त्याला एक ओळ. मला राग आला तो याचा की चुकीचंही तिने सोनं केलं आणि माझ्या बरोबर वागण्याचं मला काहीच करता आलं नाही.

भाषणाच्या शेवटी तिने एक पद्धत सांगितली. इंग्रजीत तिला मोठं नाव आहे. फिलो तिला ‘हाक आणि ओ’ म्हणते. सांगणाऱ्याने नाव घेऊन हाक द्यायची: कोणी, कोणतं औषध, किती, कुठून. ऐकणाऱ्याने तेच शब्द परत म्हणायचे. काम झालं की ‘दिलं’ म्हणायचं. ओ आली नाही तर हाक पोचलीच नाही, असं धरायचं. आणि स्वतःच्या हाताने द्यायचं असलं तरी आधी तोंडाने सांगायचं.

मला ते पोरकट वाटलं. शाळेत पाढे म्हणतात तसं.

संध्याकाळी तिने मला माहीमला घरी नेलं. खाडीच्या बाजूला, लाकडी जिन्याचं जुनं घर, पण नीट ठेवलेलं. स्वयंपाकघरात तिचा नवरा अँथनी एप्रन बांधून फुगे तळत होता. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, आतून पोकळ, किंचित गोडसर. सोबत कोंबडीचा लाल रस्सा. आमच्याकडे रस्सा म्हटला की वर तर्री आणि नाकातून पाणी. याचा तिखटपणा उशिरा कळत होता, आणि त्यात कितीतरी गोष्टी होत्या, एकही ओळखू येत नव्हती.

“बाटली मसाला,” अँथनी म्हणाला. “तीसेक जिन्नस असतात. फिलोच्या आईची यादी आहे. माझ्या आईच्या यादीत दोन जास्त. त्यावरून आमचं लग्न मोडायची वेळ आली होती.”

“खोटं बोलतो. एक जास्त,” फिलो म्हणाली.

मी चार फुगे खाल्ले. माझ्या नवऱ्याला चहा करता येतो, पण साखर कुठे असते ते विचारावं लागतं. रात्री दादरच्या लॉजवर परत आले तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब केला: केस, नवरा, घर, बाबूराव, टाळ्या. आणि ती दिवसातून एकदाच अपघात विभागात फेरी मारते, बाकी वेळ शिकवते. झोप चांगली लागली, हे मान्य करायला हवं. लॉजच्या खाली सकाळी थालीपीठ आणि पियूष मिळालं. पियूष आमच्याकडे मिळत नाही. त्याचाही हेवा.

२१ एप्रिल, परळ आणि लालबाग

परीक्षेचा पहिला प्रयत्न. दोन प्रयत्न मिळतात. दुसऱ्यातही नापास झालं तर पुढची बॅच सहा महिन्यांनी, आणि तोवर जून येऊन गेलेला.

परीक्षक बाहेरचा होता. फिलो काचेमागे, फक्त बाबूरावाच्या आवाजापुरती. मी टीमची प्रमुख, सावंत डॉक्टर माझ्या हाताखाली. दार उघडलं तर बाबूराव आकडीत थडथडत होता.

आकडी मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. मी कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, ऑक्सिजन लावला, साखर तपासली, शीर धरून सुई लावली, आकडी थांबवणारं मिडाझोलाम भरलं, दिलं, रिकामी सिरिंज ट्रेमध्ये टाकली आणि रक्तदाब बघायला वळले. मला वाटतं दीड मिनिट लागलं असेल. एक शब्द बोलले नाही. हात असे चालत होते की मलाच बरं वाटलं. काचेमागून ती बघते आहे, बघू दे, असंही वाटलं.

बाबूरावाचं थडथडणं कमी झालं. मग थांबलं. मग छातीही थांबली. ओठ निळे पडायला लागले.

मी वळून बघितलं. सावंत डॉक्टरांच्या हातात दुसरी रिकामी सिरिंज होती.

“काय दिलंत?” मी ओरडले.

“मिडाझोलाम,” ते म्हणाले. “आकडी होती ना?”

“मी आधीच दिलं होतं!”

सावंत डॉक्टर घाबरले की गावच्या बोलीत जातात. “मॅडम, तुम्ही दिलास, ता माका खंय म्हायत? माका तुमची पाठ तेवढी दिसत होती.”

मी पिशवी घेतली आणि दाबायला लागले. रबरी तोंडावर मास्क धरून, एक, दोन, सोडा. एक, दोन, सोडा. माझे हात हेच करत होते सव्वीस वर्षांपूर्वी. तेव्हाही मी ओरडले होते, ‘मी आधीच दिलं होतं!’ आणि वरिष्ठ फिलोकडे वळले होते.

आधीच दिलं होतं. कुणाला सांगितलं होतं?

कुणालाच नाही. मी मॉर्फिन दिलं आणि न बोलता रक्तदाब बघायला वळले. तिला माझी पाठ दिसत होती. वरिष्ठांचा हुकूम तिच्या कानावर होता. तिने तो पाळला.

परीक्षकाने कागदावर खूण केली. नापास. उद्या अकराला दुसरा प्रयत्न. नंतरच्या चर्चेत फिलो बाबूरावाबद्दल बोलली, सिरिंजवर चिठ्ठी लावण्याबद्दल बोलली, सावंत डॉक्टरांना धीर दिला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं मुद्दाम.

चार वाजता ती म्हणाली, “चल, तुझा मसाला राहिलाय.”

परळवरून लालबागला चालत गेलो. पुलाच्या खालून, जुन्या चाळी एका बाजूला आणि टोलेजंग इमारती दुसऱ्या. मसाल्याची गल्ली नाकाला आधी कळते. फिलोने पर्समधून दोन मास्क काढले, एक मला दिला. तोंडाला मास्क लावलेल्या दोन डॉक्टरणी पोत्यांमधून चालल्या होत्या. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, सगळ्यांचे ढीग. आत लोखंडी डंक पडतात, मिरची कुटली जाते. त्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

मी दुकानातल्या काकींना म्हटलं, “वर्षाची चटणी करून मिळेल का?”

“चटणी?” काकींनी मला वर-खाली न्याहाळलं. “ती उडप्याकडे. इडलीवांगडा.”

काकींना इडलीबरोबरची चटणी वाटली होती; फिलो मास्कमागे हसत होती. आमच्याकडे वर्षाच्या लाल मसाल्यालाच चटणी म्हणतात, हे तिने त्यांना समजावलं.

काकी जिन्नस तोलायला लागल्या. तोलता तोलता त्या आत ओरडायच्या, “बेडगी एक! संकेश्वरी अर्धो!” आणि आतून, डंकाजवळ उभ्या असलेल्या मसाल्याच्या धुळीने लाल झालेल्या माणसाचा आवाज यायचा, “बेडगी एक! संकेश्वरी अर्धो!” मग “घातली!” धण्यांना तसंच, बडीशेपेला तसंच. एकदा आतून उत्तर आलं नाही. काकींनी हातातला तराजू खाली ठेवला आणि पुन्हा हाक दिली. उत्तर येईपर्यंत पुढचा जिन्नस उचलला नाही.

दगडफूल माझ्या हाताशीच होतं. सरिताने सांगितलं होतं, थोडं जास्त घाला. मी मूठभर उचललं आणि परातीत टाकायला गेले. काकींनी माझं मनगट धरलं.

“हात नको. तोंडान सांगा.”

मी मूठ परत पोत्यात सोडली आणि तोंडाने सांगितलं. काकींनी आत ओरडून सांगितलं. आतून ओ आली.

कुटून होईस्तोवर आम्ही समोरच्या ओट्यावर बसलो. कटिंग चहा आला. मी विचारलं, “कालच्या भाषणात तू माझं नाव का नाही घेतलंस?”

“पिशवी दाबणारीचं?”

“पहिलं मॉर्फिन देणारीचं.”

ती म्हणाली, “तुला माहीत नव्हतं?”

“आज सकाळपर्यंत नव्हतं.”

“सव्वीस वर्षं?” तिला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. “मला वाटत होतं तुला माहीत आहे आणि तू गप्प बसलीस. म्हणून तर मी पत्रं लिहायची बंद केली ना गो.”

मला वाटलं होतं, मुंबईला राहून तिला गर्व झाला, म्हणून पत्रं थांबली.

“तू तेव्हाच वरिष्ठांना का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नव्हतं.” तिने ग्लास ओट्यावर ठेवला. “पडद्यावर मी माझीच चूक लावते, नंदा. तुझी तू लाव.”

हे ती भांडणाच्या सुरात बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी भांडणात हुशार आहे. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते तिला इतक्या सहज बोलता आलं, याचाही मला हेवा वाटला. कदाचित सगळ्यांत जास्त याचाच.

“आणि काल मी रडत नव्हते,” मी म्हटलं. “मिरचीचं बोट डोळ्यात गेलं होतं.”

“ते मला कळलं होतं,” ती म्हणाली. “वास येत होता.”

२२ एप्रिल, परळ

अकरा वाजता मी आणि सावंत डॉक्टर दाराबाहेर उभे. रात्री लॉजच्या खोलीत मी आरशासमोर मोठ्याने हाका दिल्या होत्या. शेजारच्या खोलीतल्याने भिंतीवर थाप मारली, तेव्हा थांबले.

“मॅडम, आज बोला हां,” सावंत डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही ओ द्या म्हणजे झालं.”

दार उघडलं. बाबूराव अंगावर गांधी उठलेला, घशातून शिट्टी वाजत होती. काचेमागून फिलोचा आवाज, “डॉक्टर, कोळंबी खाल्ली हो. बायको सांगत होती नको खाऊ.”

माझा हात आपोआप ट्रेकडे गेला. तो मी मागे घेतला. अठरा वर्षांत बहुधा पहिल्यांदा मी रुग्णापासून एक पाऊल मागे उभी राहिले. हात रिकामे. ते किती अवघड असतं ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. पोहणाऱ्याला काठावर उभं करून बुडणाऱ्याकडे बघायला लावावं, तसं.

“डॉक्टर सावंत,” मी म्हटलं. आवाज चिरका आला. “अॅड्रेनलिन, अर्धा मिलिग्रॅम, मांडीत.”

“अॅड्रेनलिन, अर्धा मिलिग्रॅम, मांडीत,” ते म्हणाले. क्षणभराने, “दिलं.”

“सिस्टर, ऑक्सिजन. पाय वर. शीर धरा, सलाइन जोरात.”

एकच सिस्टर नव्हती, दोन होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी नाव घेतलं नव्हतं. ओ आली नाही. काकींनी तराजू खाली ठेवला होता ते मला आठवलं. मी थांबले, सिस्टरच्या खिशावरचं नाव वाचलं आणि पुन्हा हाक दिली. ओ आली. मग दुसरीला. तिचीही आली.

सात मिनिटांत बाबूरावाची शिट्टी थांबली. “आता बरं वाटतंय,” काचेमागून आवाज आला, आणि मग, जरा वेळाने, त्याच आवाजात, “कोळंबी मात्र छान होती.”

परीक्षकाने कागद पुढे केला. पास. वर एक ओळ लिहिली होती: ‘नाव घेऊन हाक द्यावी.’ काठावरची पास आहे, हे मला कळत होतं. सावंत डॉक्टर माझ्याहून जास्त गुणांनी पास झाले. त्यांनी मला शेंगदाण्याचा लाडू दिला. घेतला.

निघताना फिलोने एक बाटली दिली. बिअरची, तपकिरी, गळ्यापर्यंत लाल मसाला, बुचावर मेण. “काच तपकिरीच लागते. उजेडाने रंग उतरतो. यादी मागू नको, देणार नाही.”

मी यादी मागणारच होते.

“जूनमध्ये आमच्याकडे ये,” मी म्हटलं. “माझ्या लोकांना शिकव.”

“तू शिकव. तुझ्याकडे गोष्ट आहे ना.”

घरी पोचले तेव्हा सासूबाईंनी बॅगेतून आधी बिअरची बाटली काढली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. तिचा खुलासा होईपर्यंत मला जेवण मिळालं नाही. सरिताने लालबागचा मसाला जिभेवर ठेवला. “बरा आहे,” ती म्हणाली. “दगडफूल जरा कमीच पडलं.” प्रमाणपत्राबद्दल कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी अपघात विभागात गेले. प्रमाणपत्र सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवलं. मग कल्पनाताईंना आणि पुण्याच्या डॉक्टरांना बोलावलं आणि उभ्या उभ्याच मॉर्फिनची गोष्ट सांगितली. दोघांनी ती माझ्याकडून आधी ऐकली होती. या वेळी तिच्यात निष्काळजी मुलगी नव्हती. पहिलं इंजेक्शन कोणी दिलं आणि कुणाला सांगितलं नाही, ते होतं. पुण्याचे डॉक्टर खाली बघत राहिले. त्यांना बहुधा माझी लाज वाटत होती.

“कल्पनाताई,” मी विचारलं, “आपल्याकडे अठरा वर्षांत कधी औषध दोनदा गेलंय?”

“नाही मॅडम.”

“बघा, म्हणजे—”

“मी काचा मोजते ना,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय दिलंत ते सांगत नाही. मग मी ट्रेमधल्या रिकाम्या काचा बघते, नाव वाचते, आणि मगच पुढचं भरते. रोजचं आहे ते.”

मला त्या खुळखुळण्याचा अठरा वर्षं राग येत होता.

तेवढ्यात दारात एक बाई आली, ऊस तोडताना विंचू चावलेली, घामाने थबथबलेली, हात उराशी धरून. माझे हात पुढे गेले. मी ते मागे घेतले आणि पाठीमागे एकमेकांत धरले.

“कल्पनाताई, प्राझोसिनची गोळी, एक, तोंडातून.”

कल्पनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, मला ऐकू येतं. ओरडू नका.”

“मग परत म्हणा.”

“प्राझोसिन, एक गोळी, तोंडातून.” त्यांनी गोळी दिली, पाणी पाजलं. “दिलं.”

मग सवयीप्रमाणे ट्रेकडे वळून त्यांनी रिकामं वेष्टन उचललं, त्यावरचं नाव वाचलं, आणि खाली ठेवलं.